‘येस, येस’ म्हणण्याआधी

वाचकाचं पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात:

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून या ताईंनी लिहिलं आहे. वय ३८. शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठी माध्यमातून. घराला लागून चार खोल्या काढून त्या आणि त्यांचे यजमान निवास-न्याहारी चालवतात. स्वयंपाक ताई आणि सासूबाई बघतात. होडी आणि बाजार यजमानांकडे. पूर्वी पाहुणे मुंबई, पुणे, कोल्हापूरचे असत. आता बंगळूरू, हैदराबादचे येतात, गोव्याहून वर आलेले परदेशीही येतात. इंग्रजीत बोलायची वेळ आली की ताईंची छाती धडधडते, आणि समोरच्याचं कळो न कळो, तोंडातून ‘येस, येस’ निघून जातं.

गेल्या नाताळात एका परदेशी पाहुणीने ताटातल्या वांग्याच्या भाजीकडे बोट दाखवून काही विचारलं. त्यात ‘श्रिम्प’ असा शब्द होता. ताईंना ‘प्रॉन्स’ माहीत, हा नाही. त्या हसून ‘येस, नो प्रॉब्लेम’ म्हणाल्या. पाहुणीला वाटलं, खायला हरकत नाही. भाजीत सोडे, म्हणजे वाळवलेली कोळंबी, होते आणि तिला कोळंबीची अ‍ॅलर्जी होती. इंग्रजी माध्यमात आठवीत शिकणारा मुलगा जवळच उभा होता, त्याने वेळेवर सांगितलं म्हणून घास ताटातच राहिला. पण लगेच सगळ्यांसमोर तो म्हणाला, “मम्मी, तुला कळत नाही तर तू बोलत जाऊ नको ना.” तेव्हापासून ताई पाहुण्यांसमोर ओटीवर येत नाहीत. ताटं आतून पाठवतात.

यजमान म्हणतात, कुडाळला तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, फी १८,००० रुपये, लावून टाक. नणंद म्हणते, गावातली एखादी पदवीधर मुलगी हंगामापुरती ठेव, ती बोलेल. ताई विचारतात, “या वयात माझं इंग्रजी सुधारेल का, की मी आत राहिलेलंच बरं?” आणि ताजा कलम: “मुलाच्या शाळेत पालकसभेलाही मी गप्प बसून येते.”

ताई,

सोड्यांचा प्रसंग वाचताना माझ्याही पोटात गोळा आला. तो गंभीर होता आणि मी तो हलका करून सांगणार नाही. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या यांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींचं अंगावर गांधी उठण्यावर भागतं, पण काहींचा घसा सुजतो आणि श्वास अडकतो. सोडे वाळवलेले असले म्हणून धोका कमी होत नाही.

पण त्या दिवशी चुकलं काय, याचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटत नाही. ‘श्रिम्प’ हा शब्द माहीत नसणं ही चूक नव्हे. आपल्याकडे हॉटेलांच्या पाटीवर ‘प्रॉन्स’च लिहितात, अमेरिकेतली माणसं त्यालाच श्रिम्प म्हणतात. असे शब्द इंग्रजीत एम. ए. केलेल्यांनाही अडतात. चूक झाली ती कळलं नसताना ‘येस’ म्हणण्याची. आणि ही सवय इंग्रजीपुरती नाही. डॉक्टर भरभर बोलतात आणि आपण मान डोलावून बाहेर येतो, बँकेत फॉर्म पुढे सरकवतात आणि आपण सही करतो. समोरच्याला ताटकळत ठेवू नये, आपलं अडाणीपण दिसू नये, दोन्हींपायी आपण हो म्हणून टाकतो. तुमच्यात तर पाहुण्याला नाराज करायचं नाही हा घरचा संस्कारही आहे. तेव्हा व्याकरणाच्या आधी ही सवय मोडायला हवी, आणि त्यासाठी क्लास लागत नाही.

एक वाक्य इतकं घोटा की ‘येस’च्या आधी तेच तोंडातून बाहेर पडेल: “सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड. प्लीज से इट स्लोली.” भांडी घासताना म्हणा, नारळ खोवताना म्हणा. पाहुण्याने पुन्हा सांगूनही कळलं नाही तर, “वन मिनिट, आय विल आस्क माय सन.” हे म्हणण्यात कमीपणा नाही. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला घाईच्या ‘येस’पेक्षा हे वाक्य ऐकून खूप बरं वाटतं. आणि कळलं असं वाटलं तरी आपल्या शब्दांत उलट विचारून घ्या: “यू कॅन ईट फिश, बट नो प्रॉन्स, नो क्रॅब. करेक्ट?” विमानतळावरचे, इस्पितळातले लोकही महत्त्वाची गोष्ट अशीच परत म्हणून खात्री करतात.

आता तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या वाक्याकडे वळते: ‘मला इंग्रजी येत नाही.’ ताई, तुम्हीच लिहिलं आहे की व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी बुकिंगं तुम्ही बघता, पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय वाचता, वाईट अभिप्राय आला तर तुम्हाला रात्री झोप लागत नाही. म्हणजे वाचलेलं तुम्हाला कळतं. बोललेलं कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या बाबतीत त्याचं कारणही सरळ आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तुमच्या वेळी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं. तेही धडा वाचायचा, शब्दार्थ लिहायचे, उत्तरं पाठ करायची. डोळ्यांना सराव झाला, कानांना झालाच नाही. जी गोष्ट कधी ऐकली नाही ती पटकन ओळखता येत नाही, यात बुद्धीचा संबंध नाही आणि वयाचा तर त्याहून नाही.

तुम्ही घरात मालवणी बोलता. पुण्याच्या पाहुण्यांशी पुस्तकी मराठी बोलता, आणि बंगळूरूच्या पाहुण्यांशी हिंदीत ‘थोडंफार’ निभावून नेता असंही लिहिलं आहे. समोरचं माणूस बघून भाषा बदलण्याचं काम तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा करता. इंग्रजी त्यातलीच चौथी. तिच्याशी ओळख कमी आहे, एवढंच.

म्हणून सुरुवात कानांपासून करा. तुमच्या धंद्याला सोयीची वेळ पावसाळा. जूनपासून पाहुणे तुरळक, होड्या वर ओढलेल्या, समुद्रातले खेळ बंद. त्या दिवसांत रोज पंधरा-वीस मिनिटं फोनवर इंग्रजीतले स्वयंपाकाचे व्हिडिओ लावा. स्वयंपाकाचेच सांगते, कारण काय चाललंय ते तुम्हाला डोळ्यांनी कळतं आणि कान आपोआप शब्द पकडायला लागतात. ‘चॉप’, ‘ग्राइंड’, ‘सोक’, ‘सिमर’ हे शब्द कोशात न बघता लक्षात राहतील. खाली अक्षरं उमटतात तीही सुरू ठेवा, मग तोच तुकडा अक्षरं बंद करून पुन्हा ऐका. एकेक वाक्य थांबवून त्याच्यामागून म्हणा. नवीन नवीन व्हिडिओंच्या मागे लागू नका. एकच दहादा ऐकलेला जास्त कामाला येतो. अमेरिकन, इंग्लंडची, दक्षिण भारतीय अशा निरनिराळ्या माणसांचे ऐका, कारण तुमच्या ओटीवर तेच येणार आहेत.

बोलण्याबद्दल तुम्ही लिहिता, ‘माझा हेल ऐकून लोक हसत असतील.’ हसणारे एखाद-दोन भेटतील, नाही असं नाही. पण हेल आणि स्पष्टपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हेल राहू द्या. तो मालवणी माणसाच्या मराठीतही असतो आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. ‘व्हेज’मधला व नेमका कसा काढायचा, यात वेळ घालवू नका. ज्या गोष्टींनी खरंच गोंधळ होतो त्या मोजक्या आहेत, तेवढ्याच नीट करा.

पहिली आकड्यांची. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’. दर सांगताना आणि वेळ सांगताना इथे भांडणं होतात. पंधरा म्हणताना शेवटचा ‘टीन’ लांबवा आणि न बंद ओठांत गिळू नका. पन्नास म्हणताना जोर ‘फिफ्’वर देऊन ‘टी’ आखूड सोडा. तरीही पुढे सुटे आकडे म्हणा, ‘वन फाइव्ह’. पैशाचा आकडा तर कागदावर लिहून किंवा कॅल्क्युलेटरवर दाखवूनच सांगा. उत्तम इंग्रजी येणारे दुकानदारही असंच करतात.

दुसरी गोष्ट जोराची. मराठीत आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका जागी जोर पडतो आणि बाकीचं हलकं होतं. तो जोर भलत्या जागी गेला तर प्रत्येक अक्षर बरोबर असूनही समोरच्याला शब्द ओळखू येत नाही. आपण ‘हॉटेल’ म्हणताना ‘हॉ’वर जोर देतो, त्यांचा ‘टेल’वर असतो. टोमॅटोत ‘मॅ’वर, कोकोनटमध्ये पहिल्या ‘को’वर, मॅकरेलमध्ये ‘मॅ’वर. तुमच्या स्वयंपाकघरातले वीस-पंचवीस शब्द असे तपासून घेतलेत की फार मोठा फरक पडेल. तिसरी गोष्ट उघड्या ‘ॲ’ची: ‘स्नॅक्स’ म्हणताना तोंड पुरतं उघडलं नाही तर ऐकणाऱ्याला ‘स्नेक्स’, म्हणजे साप, ऐकू येतं. आणि भरभर बोलू नका. घाबरलेलं माणूस वेग वाढवतं. दोन-तीन शब्दांचा एक घास, मग थांबा, मग पुढचा.

आता कोणती वाक्यं? इथे मला तुमच्या यजमानांशी थोडा वाद घालायचा आहे. क्लासमध्ये ‘मायसेल्फ’पासून सुरुवात करून मुलाखतीपर्यंत नेतात. तुम्हाला मुलाखत द्यायची नाही. तुमच्या घरात वर्षभर जे बोलावं लागतं ते शंभरेक वाक्यांत मावतं, आणि त्यातली तीस-चाळीस तर रोजची. ती वाक्यं दुसरं कुणी देणार नाही, ती तुम्हालाच माहीत आहेत. एक वही करा. पाहुण्यांनी काय विचारलं ते रोज रात्री मराठीत लिहा, शेजारी इंग्रजी उत्तर मुलाकडून किंवा फोनवरच्या भाषांतराकडून काढा, वाक्य छोटं करा आणि मोठ्याने म्हणा. फोनवर स्वतःचा आवाज भरून ऐका. पहिल्यांदा नकोसं वाटतं, पण कुठे गिळतो ते तिथेच कळतं.

जेवणाची वाक्यं आधी. पाहुणे आले, पाणी दिलं, की लगेच विचारायचं: “एनी फूड अ‍ॅलर्जी? प्रॉन्स, क्रॅब, क्लॅम्स, नट्स?” त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. सोडे म्हणजे ‘ड्राइड प्रॉन्स’, तिसऱ्या ‘क्लॅम्स’, कालवं ‘ऑयस्टर्स’, बांगडा ‘मॅकरेल’. अमेरिकन पाहुण्यांसाठी ‘श्रिम्प’ही जोडून टाका. ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच सुरमई तळली, तर अ‍ॅलर्जीवाल्याला तीही चालत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा आणि सांगा: “सेम ऑइल. नॉट सेफ फॉर यू.” वाक्य मोडकं आहे, पण माणसाला वाचवतं. सोलकढीला इंग्रजी नाव शोधत बसू नका. ‘सोलकढी’च म्हणा आणि पुढे, “कोकम अँड कोकोनट मिल्क. गुड आफ्टर फिश.” तिरफळ दाताखाली आलं तर पाहुणा बावचळतो, म्हणून आधीच, “डोन्ट च्यू दिस, ओन्ली फॉर फ्लेवर.”

यासोबत एक तक्ता करून ओटीवर लावा: डावीकडे मराठीत पदार्थ, उजवीकडे इंग्रजीत त्यात काय काय आहे. तुमच्या शेजारच्याच देवगड तालुक्यात, पोंभुर्ल्याला जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, तेही असंच, एका रकान्यात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. इंग्रजी आली म्हणून त्यांनी मराठी मागे सारली नाही, दोन्ही एकाच पानावर मांडल्या. तुमच्या तक्त्याने पाहुण्याला बोट ठेवायला जागा मिळते आणि तुम्हालाही.

दुसरी वाक्यं समुद्राची, आणि ती जेवणाइतकीच जिवाशी आहेत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आज पाणी कुठवर येईल, खाडीच्या तोंडाशी ओढ कशी असते, हे तुम्हाला न मोजता समजतं. बंगळूरूहून आलेल्या मुलाला त्यातलं काही ठाऊक नसतं. “टुडे हाय टाइड अ‍ॅट फोर. डोन्ट स्विम निअर द क्रीक. स्ट्राँग करंट.” “नो स्विमिंग आफ्टर डार्क.” ही वाक्यं म्हणताना ‘प्लीज’ हवं की नको, ‘द’ कुठे लावू, असा विचार करत थांबू नका. स्पष्ट आणि मोठ्याने म्हणा. तुम्ही आत बसलात तर हे त्यांना सांगणार कोण? मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त टोचलेलं हेच. त्या घरातलं सगळ्यात जास्त जाणणारं माणूस दाराआड जाऊन बसलं आहे.

फोनवरच्या बोलण्याला मात्र धीर धरा. समोर चेहरा नसतो, हात दाखवता येत नाही, म्हणून फोन सगळ्यांनाच जड जातो. “प्लीज सेंड मी अ मेसेज, आय विल रिप्लाय” एवढं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर या. तारीख, माणसं, पैसे लेखी राहतात, धंद्यासाठीही ते बरं.

मुलाबद्दल. तुमचं मन त्याच्या वाक्याने दुखावलं आहे, इंग्रजीने नाही, असं पत्र वाचून मला वाटतं. तो चौदा वर्षांचा आहे. त्या क्षणी तोही घाबरला होता; बाई खाईल आणि काही होईल, ही भीती त्याच्या तोंडून रागाने बाहेर आली. तरी जे बोलला ते लागतंच, आणि ते त्याला कळायला हवं. रागावून नको, सगळ्यांसमोर तर नकोच. एकटा असताना तुमच्याच भाषेत सांगा: “माका शिकव, पण पावण्यांसमोर नको.” धोका असेल तर त्याने थेट पाहुण्याला सांगावं, आईला नाही. बाकी सगळं रात्री, वही उघडून. आधी त्याने वेळेवर बोलून एका बाईला वाचवलं हेही त्याला म्हणा; पत्रात ते तुम्ही लिहिलंय, पण त्याला सांगितल्याचं लिहिलेलं नाही.

क्लासविषयी माझं मत: आत्ता नको. हा पावसाळा वहीवर आणि कानांवर काढा, दिवाळीचा हंगाम जाऊ द्या, मग कुठे अडतं ते तुम्हालाच नेमकं सांगता येईल. त्यानंतर जायचंच ठरलं तर पैसे भरण्याआधी एक तास बसून बघायची परवानगी मागा. वर्गात किती जण आहेत, प्रत्येकाला किती मिनिटं बोलायला मिळतं, चुकलं तर शिकवणारा काय करतो, हे डोळ्यांनी बघा. तीस जणांच्या वर्गात फळ्यावरचे काळ उतरवून घ्यायचे असतील तर ते तुमचं शाळेत झालेलं आहे. अमुक दिवसांत फाडफाड इंग्रजीची हमी देणाऱ्यांपासून लांब राहा. नणंदेची सूचना मे महिन्याच्या गर्दीत घ्यायला हरकत नाही. मुलगी ठेवा, तिला पगार द्या, आणि ती बोलते तेव्हा तुम्ही तिच्याशेजारी उभ्या राहा. ऐकायला तेवढी चांगली जागा दुसरी नाही.

हे मी तुमच्या निमित्ताने इतरांनाही सांगते आहे. औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा असो, रत्नागिरी स्टेशनबाहेर रिक्षा लावणारा असो, सून म्हणून परप्रांतीय घरात गेलेली मुलगी असो. प्रत्येकाची शंभर वाक्यं वेगळी. औषधवाल्याला ‘बिफोर फूड, आफ्टर फूड, ट्वाइस अ डे’ पक्कं हवं आणि रिक्षावाल्याला भाडं, अंतर, वाट. आपापली वही आपणच करायची. आणि मराठी कळणाऱ्याशी मराठीतच सुरुवात करायची. पुण्याचं कुटुंब मुलांशी इंग्रजीत बोलतं म्हणून तुम्हीही त्यांच्याशी तसंच बोलावं अशी त्यांची अपेक्षा नसते.

तुमच्या ताजा कलमातल्या पालकसभेला तर यातलं काहीच लागू नाही. त्या शाळेतल्या बाई तुमच्याच तालुक्यातल्या आहेत, सभा संपली की व्हरांड्यात त्या तुमच्याशी मराठीत बोलतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. मग सभेतही मराठीत विचारा. मुलाचं गणित कच्चं का राहतंय, त्याला कुणी त्रास देतं का, घरी किती अभ्यास घ्यायचा, हे प्रश्न आईने विचारायचे आहेत आणि ते नीट, पूर्ण विचारले जायला हवेत. पुढच्या सभेला दोन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि पुढच्या रांगेत बसा.